फळ्यावरची चमक

अरुंधतीबाई देशकरांनी एकतीस वर्षं एकाच शाळेत विज्ञान शिकवलं, आणि त्यातही प्रकाशाचा धडा म्हणजे त्यांचा हातखंडा. त्या दिवशी त्यांच्या पिशवीतून आरशाचे तुकडे, टॉर्च, स्टीलची वाटी, रुपयाचं नाणं असं काय काय निघायचं. वाटीतलं नाणं पाणी ओतल्यावर वर आल्यासारखं दिसलं की वर्ग आरडाओरडा करायचा आणि शेजारच्या वर्गातले सर दारात येऊन उभे राहायचे. लकडगंजच्या अंगाला असलेल्या त्या लहानशा शाळेतून बाहेर पडलेली कितीतरी मुलं अजून रस्त्यात भेटली की म्हणायची, "मॅडम, तुमचा आरशाचा पिरियड आठवते."

निवृत्तीला चार वर्षं झाली तरी विज्ञान दिनाला त्यांना बोलावणं यायचंच. यंदा माया रंगारीनं फोन केला. माया त्यांच्याच जागेवर लागलेली, मनापासून शिकवणारी तरुण शिक्षिका. "मॅडम, नववी ब वर प्रकाशावरच बोला. तुमच्याकडून ऐकायचं आहे सगळ्यांना."

बाई सकाळी साडेआठला वर्गात शिरल्या तेव्हा माया फळ्यावर आकृती काढत होती. "बसा मॅडम, पाचच मिनिटं." भिंतीकडच्या रांगेत, मुलींच्या दुसऱ्या बाकावर जागा होती. बाई तिथं टेकल्या आणि त्यांनी फळ्याकडं बघितलं.

फळ्याच्या मधोमध पांढराशुभ्र पट्टा होता. त्या पट्ट्यात मायाचा हात जात होता, खडूचा आवाज येत होता, पण अक्षर एक दिसत नव्हतं. बाईंना वाटलं, मागच्या दिवाळीत मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेला डोळा दगा देतोय. त्यांनी तो डोळा झाकला. पट्टा तसाच. दुसरा झाकला. तरी तसाच. मग शेजारच्या मुलीला हळूच विचारलं, "तुला वाचता येतंय का गं?"

"नाही ना मॅडम," मुलगी अगदी सहज म्हणाली. "इथून नाही दिसत सकाळी. आम्ही समोरच्या बाकावरचीची वही पाहून लिहितो."

बाईंनी डावीकडं खिडकीतून बाहेर पाहिलं. गल्लीपलीकडं गोदामाचं टिनाचं छप्पर होतं. सकाळचं ऊन त्या टिनावर पडत होतं, तिथून उसळून खिडकीतून आत येत होतं, फळ्यावर आदळत होतं आणि ज्या कोनात आलं त्याच कोनात वळून पहिला बाक सोडून नेमकं या रांगेच्या डोळ्यांत शिरत होतं. आपतन कोन आणि परावर्तन कोन समान असतात. हे वाक्य त्यांनी या फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल, त्याला गणती नव्हती. आणि फळा असा चमकतो कशानं, हेही त्यांच्याएवढं कुणाला ठाऊक नव्हतं. पूर्वीचा फळा खरबरीत, करडा, जागोजागी पोपडे निघालेला. एका उन्हाळ्यात त्यांनी स्वतः उभं राहून त्याला काळ्याभोर ऑइलपेंटचे दोन हात मारून घेतले होते. जून महिन्यात सगळे म्हणाले होते, फळा कसा नवा करकरीत झाला. तेव्हापासून दरवर्षी तोच रंग मारायची रीत पडली ती आजवर.

त्याच वर्षी नववी ब मध्ये दीपमाला मेश्राम होती.

"माया," बाई उठून म्हणाल्या, "त्या खिडकीला आधी काहीतरी लाव. या रांगेला फळा दिसत नाहीये."

माया गोंधळली. तिनं येऊन त्या बाकावर बसून पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. "अगं बाई! पण मला कधी कुणी सांगितलंच नाही, मॅडम."

"मला सांगितलं होतं एकीनं," अरुंधतीबाई म्हणाल्या.

त्या दिवशी त्या काय बोलल्या ते त्यांचं त्यांनाच आठवत नाही. टाळ्या पडल्या, गुलाबाचं फूल मिळालं, पोहे झाले. घरी येऊन त्या पलंगावर पडल्या आणि अठरा वर्षांपूर्वीची ती सकाळ, जी त्यांनी कधी मुद्दाम आठवली नव्हती, तपशिलासकट समोर येऊन उभी राहिली.

दीपमाला बारीक अंगाची, टपोऱ्या डोळ्यांची मुलगी. राहायला पाचपावलीकडं. वडील रुपराव इतवारीत टेम्पो चालवायचे, धान्याची पोती पोचवायचे. मुलगी प्रश्न फार विचारायची. एकदा तिनं विचारलं होतं, "मॅडम, आरशात डावं-उजवं उलटं होते, मंग वर-खाली काहून नाही होत?" बाईंना प्रश्न आवडला होता, पण धडा संपवायचा होता, म्हणून त्या म्हणाल्या होत्या, "ते पुढच्या वर्षी."

मग ती घटक चाचणी. शाळेचं झेरॉक्स मशीन बंद पडलेलं, म्हणून बाईंनी पाचही प्रश्न फळ्यावर लिहिले. दहा मिनिटं झाली असतील. भिंतीकडच्या रांगेतली दीपमाला पुढं झुकून समोरच्या मयुराच्या कागदाकडं बघताना दिसली. एकदा. दोनदा. तिसऱ्यांदा बाईंनी जाऊन तिचा कागद ओढून घेतला. नक्कल ही एकच गोष्ट अशी होती की ती दिसली की त्यांचं डोकं फिरायचं.

"उभी राहा."

"मॅडम, मी उत्तर नाही पाहून राहिली होती. प्रश्न पाहून राहिली होती."

"प्रश्न फळ्यावर आहेत."

"फळा चमकते, मॅडम. इथून दिसत नाही."

बाई कागद घेऊन परत निघालेल्या होत्या, वर्गाच्या मधोमध पोचल्या होत्या. तिथंच त्या थांबल्या, वळून फळ्याकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "मला तर स्वच्छ दिसतंय. तुम्हाला दिसतंय का रे?" मधल्या रांगेतली मुलं म्हणाली, हो. भिंतीकडच्या मुली खाली बघत होत्या. मॅडमच्या त्या आवाजापुढं कोण बोलणार? "आता तू मला परावर्तन शिकवणार का?" बाई म्हणाल्या, आणि वर्ग हसला.

तिथून दीपमालाच्या बाकापर्यंत चार पावलं होती. बसून बघायला अर्धं मिनिट लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी रुपराव आले. टेम्पो बाहेर उभा करून, कपाळाचा घाम पुसत. बाईंनी सगळं सांगितलं. ते मुलीला म्हणाले, "दीपे, मॅडमची माफी माग."

"मी नक्कल नाही केली, बाबा."

"माफी माग म्हणतो ना."

पोरगी जागची हलली नाही. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण माफीचा शब्द काही निघाला नाही. रुपराव खाली मान घालून म्हणाले, "मॅडम, आमी अडाणी माणसं. तुमी सांगान ते खरं."

हे वाक्य आता आठवलं तेव्हा अरुंधतीबाई पलंगावर उठून बसून पाणी प्यायल्या. कारण त्यावर त्या जे बोलल्या होत्या ते त्यांना शब्दन् शब्द आठवत होतं. "सायन्स हिला झेपायचं नाही, मेश्राम. त्यात ही खोटंही बोलते. दहावी झाली की एखादं हाताचं काम शिकवा, पायावर उभी राहील." रुपरावांनी हात जोडले होते आणि निघून गेले होते. ज्या घरात शिक्षकाचा शब्द खाली पडू द्यायचा नाही अशी शिकवण होती, त्या घरात बाईंचा शब्द जसाच्या तसा पाळला गेला.

आणि आणखी एक गोष्ट होती, ती तर बाईंनी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. पावणेदोन वर्षांनी दहावीचा निकाल लागला तेव्हा शाळेतून विज्ञानात सगळ्यांत जास्त गुण दीपमाला मेश्रामला होते. बोर्डाचा पेपर छापील असतो; तो हातात धरून वाचायचा असतो. यादी बघताना बाईंची नजर त्या नावावर अडली होती. काहीतरी चुकलं, असं क्षणभर वाटलंही होतं. तेव्हा टेम्पोवाल्याचं घर शोधून "तिला सायन्सला घाला" म्हणणं काही अवघड नव्हतं. पण मग आधीचा शब्द मागं घ्यावा लागला असता. त्यांनी यादीचं पान उलटलं.

मयुराचा नंबर जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर सापडला. "दीपमाला? ती इतवारीत साडीच्या दुकानात आहे, मॅडम," मयुरा म्हणाली. "माझ्या लग्नाच्या साड्या तिनंच काढून दिल्या. काहून, काही काम होतं?"

"हो," बाई म्हणाल्या. "राहून गेलेलं."

इतवारीच्या त्या गल्लीत हातगाड्या आणि टेम्पोंमधून वाट काढत बाई दुकानाशी पोचल्या. आत पांढऱ्या गादीवर साड्यांचा ढीग, आणि ढिगामागं बत्तीस वर्षांची, अंगानं जरा भरलेली, केस घट्ट बांधलेली दीपमाला. डोळे तेच. समोरच्या गिऱ्हाइकाला ती सांगत होती, "काकू, इथं ट्यूबखाली हा जांभळा दिसते. जरा माझ्यासंग दारापर्यंत चला." साडीचा पदर दारातल्या उन्हात धरून म्हणाली, "पाहा, वांगी निघाला का नाही? उजेड बदलला का रंग बदलते. लग्न मंडपात आहे का हॉलमध्ये, ते सांगा, मंग मी काढून देतो."

मग तिची नजर पायरीवर उभ्या असलेल्या अरुंधतीबाईंवर गेली. तिनं ओळखलं. चेहऱ्यावर काही हललं नाही. "या मॅडम. कोणती दाखवू?"

"मला साडी नको, दीपमाला. तुझ्याशी बोलायचं होतं."

"जेवायच्या सुटीत बोलू. अर्धा घंटा लागन."

बाई अर्धा तास पायरीशेजारच्या स्टुलावर बसून राहिल्या. मग दीपमाला डबा घेऊन त्यांना मागच्या खोलीत, साड्यांच्या गठ्ठ्यांमध्ये घेऊन गेली. बाईंनी घरून वाक्यं जुळवून आणली होती, त्यांतलं एकही कामी आलं नाही. "तू खरं बोलत होतीस," त्या एकदम म्हणाल्या. "फळा चमकत होता. मी परवा त्या बाकावर बसून पाहिलं. नक्कल तू केली नव्हतीस. मी तुझं नुकसान केलं. मला माफ कर."

दीपमालानं डब्याचं झाकण काढलं आणि परत लावलं.

"मॅडम, मी 'जाऊ द्या, मले राग नाही' असं म्हटलं तर तुमाले बरं वाटन," ती शेवटी म्हणाली. "पण ते खरं नाही होणार. मी लय वर्षं तुमाले मनात शिव्या देल्ल्या. मंग थकली."

"तुझा हक्क आहे तो."

"सायन्स घेतलं असतं तर मी कोण झाली असती, मले माहीत नाही. फेल बी झाली असती. त्याचं मी आता काही लावून घेत नाही. हे काम मले येते, लोक माझं नाव घेऊन दुकानात येतात." तिनं डबा बाजूला सारला. "पण बाबा मागच्या उन्हाळ्यात गेले, मॅडम. त्यायच्या मनात शेवटपर्यंत मी नक्कल करणारीच राहिली. मी सांगितलं तर त्यायले वाटे, पोरगी अजून खोटं बोलते. तुमी सांगितलं असतं तर त्यायनं ऐकलं असतं. एक वर्ष आधी आल्या असत्या ना तरी चाललं असतं."

बाहेर कुणीतरी टेम्पोवाल्याशी हुज्जत घालत होतं.

"मी आता काय करू, सांग," अरुंधतीबाई म्हणाल्या.

"काही करण्यासारखं नाही राहिलं." मग ती म्हणाली, "आई आहे. आईले सांगा. घरात कोणाले तरी तुमच्या तोंडून माहीत पडलं पाहिजे."

रविवारी बाई पाचपावलीला गेल्या. दोन खोल्यांचं नेटकं घर. भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्या खाली रुपरावांचा फोटो. दीपमालाची आई, सिंधूताई, सत्तरीला टेकलेली, गुडघ्यानं अधू, खाटेवर बसून होती. शाळेच्या मॅडम आल्या म्हणताच ती उठायला लागली. बाईंनी तिला बसवलं आणि समोर बसून सगळं सांगितलं. फळा, चाचणी, रुपरावांना बोलावलं ते, आणि सायन्सबद्दल जे बोलल्या ते. काही गाळलं नाही.

सिंधूताई ऐकत राहिली. मग मुलीकडं वळून म्हणाली, "हे काय सांगून राहिल्या वं या? तुह्या बाबाले शाळेत बोलावलं होतं?"

"तुले माहीत नव्हतं?" दीपमाला चमकून म्हणाली. "मले वाटे, बाबानं तुले तवाच सांगितलं असन."

"मले कोण सांगन? तो तं मले म्हणे, माझी ऐपत नाही. क्लास, पुस्तकं, कुठून आणू म्हणे." तिनं रुपरावांच्या फोटोकडं पाहिलं. "माझ्या भावानं पैसे देतो म्हटलं, तरी हा नाहीच म्हणे. साऱ्या नातेवाइकांनी त्याले बोल लावला, पोरगी एवढी हुशार आन् बाप कंजूस. मी... मी तं रोज बोलली त्याले. ताट वाढताना बोलली. दवाखान्यात बी बोलली. तूच पोरीले बसवलं म्हटलं. हा भिंतीकडं तोंड करे आन् गप राहे."

अरुंधतीबाईंना उमगलं ते हळूहळू, एकेक पायरी उतरावी तसं. मुलीनं नक्कल केली ही गोष्ट रुपरावांनी खरी मानली होती, म्हणूनच ती उंबऱ्याच्या आत येऊ दिली नव्हती. बायकोला कळू दिली नाही, नात्यात फुटू दिली नाही. मुलीच्या नावाला डाग नको म्हणून त्यांनी तो आपल्या नावावर घेतला आणि पंधरा वर्षं टोमणे खाल्ले. आणि आज बाई कबुली द्यायला आल्या, तर सिंधूताईला नवऱ्याला लावलेले सगळे बोल परत ऐकू यायला लागले.

दीपमाला आईजवळ जाऊन बसली. आईनं तिचा हात धरला नाही, झटकलाही नाही. "मले तं एवढंच वाटे," ती पुटपुटली, "का हा माणूस काहून एवढा गप राहते."

कपातला चहा तसाच राहिला. बाई निघाल्या तेव्हा दीपमाला त्यांना रस्त्यापर्यंत सोडायला आली. ऑटोची वाट बघत दोघी उभ्या होत्या.

"मी यायला नको होतं का?" बाईंनी विचारलं.

"तसं नाही म्हणत मी. मले बी आज बाबा माहीत पडले." तिनं पदरानं नाक पुसलं. "पण काही दिवस येऊ नका, मॅडम. आईले वेळ लागन."

बाई गेल्या नाहीत. शाळेत मात्र गेल्या. मायाबरोबर उभ्या राहून फळ्याचा ऑइलपेंट घासून काढून घेतला, आणि न चमकणारा रंग देऊन झाल्यावर मायाला वर्गातल्या एकेका बाकावर बसवून बघायला लावलं. माया म्हणाली, "मॅडम, तुमच्यामुळं मुलींचं भलं झालं." बाईंनी तिला तिथंच थांबवलं.

महिन्याभरानं, एप्रिलातल्या एका संध्याकाळी, फोन वाजला. दीपमालाचा नंबर होता, आवाज मात्र सिंधूताईंचा.

"मॅडम, तो शाळेत आला होता ना, त्या दिवसाचं इचारायचं होतं. कोणता महिना होता?"

"सप्टेंबर असेल. पाऊस ओसरला होता."

"किती वेळ होता?"

"दहा-बारा मिनिटं."

"उन्हातून आला असन. पाणी-गिणी पेला का?"

बाईंनी आठवून पाहिलं. टेबलावर पाण्याची बाटली होती, त्यांची स्वतःची. "मी विचारलं नाही त्यांना," त्या म्हणाल्या.

"आन् बसायले? खुर्ची देल्ली होती?"

शाळेतल्या अरुंधतीबाईंच्या खोलीत तेव्हा तीन खुर्च्या होत्या. एकीवर त्या बसलेल्या, दुसरीवर वह्यांचा गठ्ठा, तिसरी रिकामी. रुपराव दाराला लागून उभे होते, चपला बाहेर काढून. "हो" म्हणायला काय जात होतं? म्हातारीला तेवढंच समाधान मिळालं असतं, आणि खोटं पकडणारं आता कुणीच उरलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "उभेच होते ते."

"बरं," सिंधूताई म्हणाली. "ठेवतो."